भाकर, मीठ आणि हिब्रू



पत्रिकेवर विषय वाचून काहींच्या मनात आलेच असेल की, वाशीमला हिब्रूचे काय काम? शंका रास्त आहे. आपल्या बाजारात हिब्रूत भाव करणारे गिऱ्हाईक येत नाही. पण आपल्यासारखीच मराठी बोलणाऱ्या एका समाजाने ही भाषा दोनदा शिकली. एकदा पोथीतून, आणि दुसऱ्यांदा स्वयंपाकघर, दुकान, दवाखाना आणि बसची रांग यांतून. पहिल्या खेपेस पिढ्यानुपिढ्या जे साधले नाही, ते दुसऱ्या खेपेस काही महिन्यांत साधले. त्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

तसे पाहिले तर या विषयाला वाशीमच्या मातीचाही आधार आहे. आपले गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथे १९३९ साली सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट अभ्यासकांना चांगला परिचित आहे. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष दानाचा मजकूर मात्र प्राकृतात. कुळाचा मोठेपणा देवभाषेत सांगितला, आणि गाव कोणाला दिले, कोणत्या सवलती दिल्या, हा व्यवहार लोकांच्या भाषेत लिहिला. एक भाषा मानाची आणि एक कामाची, अशी ही वाटणी आपल्याकडे निदान सोळाशे वर्षांची जुनी आहे. बेने इस्राएल समाजाच्या घरीही नेमकी हीच वाटणी होती.

बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली. पोथ्या समुद्रात गेल्या. उरले ते अंगवळणी पडलेले थोडे आचार आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. ही माणसे रायगडाच्या खेड्यांत राहिली, घाण्यावर तेल गाळू लागली, मराठी बोलू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. गावावरून आडनावे पडली : किहीमकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर. शमुवेलाचा सामाजी झाला. सणांची नावेसुद्धा मराठीच : वर्षारंभाचा नव्याचा सण, मग खिरीचा सण, उपवासाच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण, आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा जो शोकदिवस, त्याला बिरड्याचा सण. वालाचे बिरडे करून उपास सोडायचा, यावरून एवढ्या मोठ्या ऐतिहासिक दुःखाला नाव पडले! आम्हांला यात कोठेही अज्ञान दिसत नाही. पोथी नसताना जो समाज स्मरण टिकवतो, तो ते ताटातल्या पदार्थाला बांधून ठेवतो.

पुढे कोचीनचा डेव्हिड रहाबी नावाचा गृहस्थ आला, त्याने या लोकांना ओळखले आणि काहींना हिब्रू शिकवून धर्मकृत्यांसाठी तयार केले, असे परंपरा मानते. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. मशीद बंदर स्टेशनाच्या नावामागे हीच वास्तू असल्याचे सांगतात. त्यानंतर १८३२ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीत हिब्रूचे व्याकरण लिहिले. हेतू अर्थातच धर्मांतराचा होता. धर्मांतरे फारशी झाली नाहीत. उलट हिब्रू वाचता येऊ लागल्यामुळे हा समाज आपल्याच धर्मग्रंथांशी अधिक घट्ट जोडला गेला. इतिहास अशा गमती नेहमीच करतो. १८४६ साली वल्हांडणाची हिब्रू पोथी मराठी अर्थासह मुंबईत शिळाछापावर निघाली, १८७४ साली पुण्यात तशीच एक सचित्र निघाली, आणि तिच्या चित्रांतल्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत इस्राएली शाळा काढली. तीत मुलांना हिब्रू शिकवीत. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, म्हणजे आपण आज ज्या प्रथेखाली बसलो आहोत तिची आणि त्या शाळेची वयेही एकच.

तर मग हिब्रू येत होती की नव्हती? येत होती, पण ती शनिवारची हिब्रू होती. घरातल्या मुलाला दाराच्या चौकटीवरची 'मेझुझा' ठाऊक, मनुकांच्या सरबतावरचा 'किद्दूश' ठाऊक, बाळबोध लिपीत छापलेली लांबलचक प्रार्थना तोंडपाठ. पण 'खिडकी लाव', 'ताक सांडले', 'जोडा चावतो' हे त्याला हिब्रूत सांगता आले नसते. आपल्याकडे रामरक्षा घडाघडा म्हणणाऱ्या माणसाला संस्कृतात 'सुटे पैसे आहेत का?' एवढे विचारून पाहा, म्हणजे अडचण ध्यानात येईल.

आणि खरी मौज पुढेच आहे. ही अडचण एकट्या कोकणातल्या यहुद्यांची नव्हती. जगातल्या सर्वच यहुद्यांची होती. सुमारे सतराशे वर्षे हिब्रू ही कोणाच्याही घरची बोली नव्हती. विद्वान तीत ग्रंथ लिहीत, व्यापारी कधी कधी पत्रे लिहीत. पण लहान मूल तीत रडत नव्हते. एलीएझर बेन येहुदा हा तरुण १८८१ साली जेरुसलेमला आला आणि त्याने ठरवले की आपल्या घरात हिब्रूखेरीज दुसरा शब्द उच्चारायचा नाही. निश्चय दांडगा, पण चहाकॉफीच्या वेळीच अडले. पैगंबरांना ठाऊक असलेल्या भाषेत कॉफीच्या कपात साखर घालायची कशी? बायकोला सांगताना, हे घे, असे कर, ते इकडे आण, अशी हातवाऱ्यांवर वेळ येई. १८८२ साली मुलगा झाला. त्याच्या कानावर दुसरी भाषा पडू नये म्हणून त्याला इतर मुलांत मिसळू देत नसत. मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, असे सांगतात. आई एकदा रशियन अंगाईगीत गुणगुणली तेव्हा बापाने घर डोक्यावर घेतले, अशीही आठवण सांगितली जाते. बेन येहुदाची जिद्द आम्हांला वंदनीय वाटते. पण त्या माउलीची बाजू कोणी लिहून ठेवायला हवी होती.

मुलासाठी मग शब्द घडू लागले. बाहुलीला 'बुबा', टॉवेलला 'मगेवेत', ब्रशाला 'मिव्रेशेत', आइसक्रीमला 'ग्लिदा'. पूर्वी शब्दकोशाला 'शब्दांचे पुस्तक' असे दोन शब्द लागत. 'मिला' म्हणजे शब्द, त्यावरून याने 'मिलोन' केले. 'एत' म्हणजे काळ. त्यावरून वर्तमानपत्राला 'इतोन'. आपल्याकडे सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' हे शब्द दिले, आणि आज ते सर्रास वापरणाऱ्यांना ते कोणी दिले हे आठवतही नाही. शब्दाचे याहून मोठे यश नाही. पण लोक सगळेच शब्द घेत नाहीत. टोमॅटोला दुसऱ्या एका पंडिताने 'अगवानिया' हा शब्द केला. त्याच्या मुळाशी प्रणयवासनेचा अर्थ आहे, म्हणून बेन येहुदाला तो असभ्य वाटला. त्याने 'बदुरा' सुचवला. पण भाजीवाल्यांना सभ्यतेची पर्वा नव्हती. आज जेरुसलेमच्या मंडईत अगवानियाच विकली जाते.

आता मराठी माणसाकडे परत येऊ. १९४८ साली इस्राएल राज्य स्थापन झाले, आणि पुढच्या दोन दशकांत मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग येथून बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या संख्येने तिकडे गेली; बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद या गावांत वसली. तेथे त्यांना वेगळीच झळ सोसावी लागली. विवाहाच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणाचीच चौकशी सुरू झाली. त्याविरुद्ध या लोकांनी धरणे धरले, आणि १९६४ साली तेथल्या संसदेने त्यांची समानता निःसंदिग्ध शब्दांत मान्य केली. पण त्या आधी आणि त्या नंतरही रोजचा प्रश्न होता तो भाषेचा. शनिवारची हिब्रू पाठ होती; आता उरलेल्या सहा दिवसांची शिकायची होती.

नव्या आलेल्या प्रौढांसाठी तेथे 'उल्पान' नावाच्या शाळा असतात. पहिली जेरुसलेमला १९४९ साली निघाली. वर्गात एक रुमानियाचा, एक मोरोक्कोचा, एक इराकचा, एक अलिबागचा. शिक्षिकेला चौघांच्याही भाषा येत नाहीत, म्हणून हिब्रू हिब्रूतूनच शिकवायची. ती दाराकडे बोट करते, 'देलेत'. पाण्याचा पेला उचलते, 'मायिम'. 'लेहेम' म्हणजे भाकरी, पाव. 'मेलाह' म्हणजे मीठ. हे दोन्ही शब्द त्याच तीन अक्षरांचे, फक्त क्रम वेगळा. आणि शब्बाथला पहिला घास मिठाला लावूनच खातात, त्यामुळे जोडी आपोआप लक्षात राहते. ज्यांना बेथलेहेम हे गाव ठाऊक आहे त्यांना 'बेथ' म्हणजे घर आणि 'लेहेम' म्हणजे भाकर हे दोन शब्द नकळत येतच होते. वार तर फारच सोपे. ग्रहांचा संबंध नाही : पहिला दिवस, दुसरा दिवस, असे मोजत सहापर्यंत जायचे, सातवा शब्बाथ. रविवार म्हणजे 'योम रिशोन', पहिला दिवस. कॅलेंडर भिंतीला टांगले की आकडे शिकून होतात.

पण शाळा दिवसाची चार तास. बाकीचे शिक्षण बाहेर. रांगेला 'तोर' म्हणतात, हा शब्द नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात येतो. 'सावलानूत' म्हणजे धीर, हा दुसऱ्या आठवड्यात, कारण कचेरीतला कारकून तो सारखा ऐकवतो. 'कामा झे ओले?' म्हणजे हे केवढ्याला, हे वाक्य मंडईत न शिकता येते. तेलाला 'शेमेन'. पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर बसलेल्या घराण्यांना आपल्या धंद्याचा हिब्रू शब्द किराणा दुकानाच्या फळीवर भेटला. खाटकाच्या पाटीवर 'होदू' असे वाचून नवखा चपापतो, कारण होदू म्हणजे तर हिंदुस्थान! खुलासा असा की टर्की पक्ष्याला तिकडे 'हिंदुस्थानी कोंबडा' म्हणतात, आणि बोलताना कोंबडा गाळतात.

येथे लिपीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. रोजच्या हिब्रू लिखाणात स्वरचिन्हे देत नाहीत. महाजनी लिपीत 'काकाजी अजमेर गये' हे 'काकाजी आज मर गये' असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट आपण ऐकली आहे. हिब्रूत पुस्तक 'सेफेर' आणि न्हावी 'सपार', दोन्ही एकाच तीन अक्षरांनी लिहितात. वाक्यावरून ओळखायचे. म्हणजे शब्द आधी कानाला ठाऊक असल्याशिवाय डोळ्याला वाचता येत नाही! इंग्रजी आपण पुस्तकातून शिकलो आणि उच्चार पुढे कधी तरी आले. हिब्रूत ती वाट जवळजवळ बंदच. नवख्यांसाठी १९५१ साली 'ओमेर' नावाचे स्वरचिन्हांसह छापलेले दैनिक निघू लागले, रेडिओवर सावकाश वाचलेल्या सोप्या बातम्या देत. पण मुख्य आधार जिना, अंगण आणि शेजारीण यांचाच.

मराठी माणसाला काही गोष्टी फुकट मिळतात. मी जातो, मी जाते, हा भेद इंग्रजाला समजावताना घाम फुटतो. हिब्रूत तो आहेच : पुरुषाने 'आनी होलेख' म्हणायचे, बाईने 'आनी होलेखेत'. शिवाय फारसी-अरबीच्या वाटेने जे शब्द शिवकाळाच्याही आधीपासून आपल्या बोलीत मुरले आहेत, त्यांचे चुलतभाऊ हिब्रूत बसलेले आहेत. आपला हिशेब, त्यांचा 'हेश्बोन'. आपला साबण, त्यांचा 'साबोन'. वारसा म्हणजे 'येरुशा', कबर म्हणजे 'केवेर', बरकत म्हणजे 'ब्राखा', सलाम म्हणजे 'शालोम'. कसाब आणि 'कत्साव' तर समोरासमोर उभे केले तर ओळख पटवावी लागणार नाही. आबा हा शब्द तिकडे बापासाठी आहे, एवढाच फरक.

आणि वऱ्हाडातल्या आपल्या माणसांनी एक शब्द खास लक्षात ठेवावा. बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात इराणच्या बादशहाच्या मेजवानीचे वर्णन आहे. त्याचे राज्य 'होदू'पासून, म्हणजे हिंदुस्थानापासून, होते असे पहिल्याच वचनात येते. आणि पाचच वचने पुढे मंडपाला लावलेल्या 'करपास'च्या पडद्यांचा उल्लेख आहे. हा करपास म्हणजे संस्कृतातला कर्पास, आपला कापूस. आपल्या पऱ्हाटीच्या बोंडातला शब्द हिब्रू धर्मग्रंथात दोन हजारांहून अधिक वर्षे जाऊन बसला आहे. म्हणून आरंभी विचारलेल्या शंकेला हेही उत्तर आहे की, आपण हिब्रूकडे गेलो नसलो तरी आपला कापूस केव्हाच गेला.

फुकट न मिळणाऱ्या गोष्टीही सांगतो. हिब्रूत 'तुम्ही' नाही. म्हणजे अनेकवचन आहे, पण आदरार्थी नाही. आजोबांना, मास्तरांना, मंत्र्याला आणि वर्गमित्राला सारखेच 'अता', स्त्रीला 'अत'. ज्या घरात सुनेने सासूला 'अहो आई' म्हणायचे, तेथे त्याच सुनेने हिब्रूत 'अत' म्हटले की सासूच्या कानाला ते 'तू' असे ऐकू येणार. चूक सुनेची नाही, भाषेत सोयच नाही. तीच गत नात्यांची. काकू, मामी, आत्या, मावशी, या चौघी हिब्रूत शिरताना एकाच दारातून जातात आणि 'दोदा' होऊन बाहेर पडतात. शब्द गेला की नाते जाते, असे आम्ही म्हणणार नाही. मावशीची माया 'दोदा' म्हटल्याने आटत नाही. पण ही आईकडची की बापाकडची, हे मुलाला वेगळे सांगावे लागते, आणि वेगळे सांगावे लागणारे पुष्कळदा सांगायचे राहून जाते.

इस्राएलात असे म्हणतात की, तो एकच देश आहे जेथे आई आपल्या मुलांकडून मातृभाषा शिकते. वाक्य विनोदी आहे, पण ज्या घरात हे घडते तेथे जेवणाच्या वेळी काय होत असेल याचा विचार करा. मूल शाळेतून दहा शब्द आणते, आई गिरणीतून दोन. वर्षभरात घरातला जाणता माणूस म्हणजे आठ वर्षांचा मुलगा. बँकेचे पत्र तो वाचणार, डॉक्टरला आईचे दुखणे तो सांगणार. म्हाताऱ्या आजीचे तर आणखी कठीण. तिला तेफिला पाठ, म्हणजे हिब्रू तिच्याजवळ घरातल्या सर्वांहून जुनी. आणि तरी नातवाशी तिला बोलता येत नाही. नातू तिच्या मराठीला 'हो' म्हणतो आणि उत्तर हिब्रूत देतो. पहिल्या वेळी हिब्रू यावी म्हणून तळमळलेल्या समाजाला दुसऱ्या वेळी ती इतकी पुरेपूर आली की मराठी सांभाळण्याची काळजी करावी लागली. बेन येहुदाच्या जिद्दीने जी भाषा उठली, तिच्या पायाशी यिद्दिश, लादिनो, यहुदी अरबी अशा कितीतरी घरबोली क्षीण झाल्या. आपली मराठीही त्या रांगेत थोडी उभी आहे. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तेथल्या बेने इस्राएलांनी चालवले, मलिद्याच्या विधीला पोहे, खोबरे आणि गूळ अजून लागतात, आणि लग्नात मेंदी लागते. पदार्थांची नावे सर्वांत शेवटी जातात, असा आमचा अंदाज आहे. बिरड्याला हिब्रू प्रतिशब्द कोणी करायला गेलेले नाही.

हे सारे परदेशातले म्हणून ऐकून सोडण्यासारखे आहे काय? आपल्या जिल्ह्यात मानोऱ्याकडच्या तांड्यांवर जा. मुलाच्या घरी आई म्हणजे 'याडी' आणि भाकरी म्हणजे 'बाटी'; पहिलीच्या वर्गात गुरुजी 'आई' आणि 'भाकरी' शिकवतात. त्या मुलाचे शाळेचे पहिले वर्ष म्हणजे उल्पानच. फरक एवढा की उल्पानात प्रौढ माणसाला आपण नवी भाषा शिकत आहोत हे ठाऊक असते, आणि आपल्या पहिलीतल्या मुलाला, ते मंद आहे, असे सांगितले जाण्याचा धोका असतो. जे गुरुजी पोहरादेवीच्या यात्रेत हिंडून चाळीस-पन्नास गोरमाटी शब्द कानात घालून येतात, त्यांच्या वर्गात 'याडी' म्हणजे 'आई' हे एकदा फळ्यावर येते आणि पोर बोलू लागते. चाळीस शब्द फार नव्हेत. पाणी, भाकर, मीठ, दार, ये, जा, बस, दुखते, भूक लागली, घरी कोण आहे : उल्पानातल्या पहिल्या आठवड्याची यादीही याहून मोठी नसते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना हिब्रूची गंमत दाखवायची असेल, तर पुस्तक घेऊन बसवू नका. माठावर 'मायिम', दारावर 'देलेत', मिठाच्या बरणीवर 'मेलाह', तेलाच्या डब्यावर 'शेमेन', साबणाच्या वडीजवळ 'साबोन' अशा बाळबोध चिठ्ठ्या लावा. आणि त्याच चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला, घरात आजी असेल तर तिला विचारून, त्याच वस्तूंना तिच्या लहानपणी काय म्हणत ते लिहा. पुढची बाजू आठवड्यात पाठ होईल. मागच्या बाजूला किती जागा लागेल, ते आजी किती बोलते त्यावर राहील. चिठ्ठ्या जरा मोठ्याच कापा.